अनुस्वार आणि हाताची थरथर

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या आवारात, नैऋत्य भागात, मराठीतला एक प्रचंड शिलालेख आहे. त्यावरची तारीख १३ डिसेंबर १८०३ची. राजे दुसरे सरफोजी गादीवर होते, आणि भोसले घराण्याची बखर त्यांचा चिटणीस बाबूराय याने रचून दिली होती. चारच वर्षांपूर्वी, १७९९च्या तहाने, राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेला होता. राज्य हातातून सुटल्यावर राजाने वंशाचा इतिहास दगडात कोरून ठेवावा, यातली खंत त्या दगडावर कुठेही लिहिलेली नाही. तारखा शेजारीशेजारी ठेवल्या की मात्र ती दिसते.

त्या लेखासमोर एका संध्याकाळी एक विद्यार्थिनी कॅमेरा घेऊन उभी होती. घर तंजावरच्याच मराठी मंडळींचे, शिक्षण भौतिकशास्त्राचे. तिच्या आजीला मराठी बोलता येते, पण लिहिण्यावाचण्याची सवय सगळी तमिळची. गुडघे थकल्यापासून आजीचे मंदिरात जाणे बंद झाले होते. त्या भिंतीवर काय लिहिले आहे ते कुणीतरी एकदा वाचून दाखवावे, एवढीच तिची इच्छा. नातीने चाळीसएक छायाचित्रे काढली. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर ती सगळी उत्तम दिसली. घरी मोठ्या पडद्यावर उघडली तेव्हा अक्षरे होती, काने-मात्रेही बहुतेक होते. अनुस्वार मात्र जवळजवळ सगळे नाहीसे झाले होते.

मराठी वाचणाऱ्याला हा तोटा किती मोठा आहे ते सांगायला नको. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या मराठीत ‘केले’ आणि ‘केलें’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. एक पुल्लिंगी अनेकवचन, दुसरे नपुंसकलिंगी एकवचन. काय केले आणि किती केले, याचा निवाडा एका टिंबावर होतो. छायाचित्रातून टिंब गेले की व्याकरण जाते, आणि व्याकरण गेले की वाचणारा अर्थ स्वतःच्या मनाने भरू लागतो.

टिंब गेले कुठे, हा प्रश्न भूमितीचा आहे. भिंतीचा मोठा भाग चौकटीत यावा म्हणून ती सुमारे पाच मीटर मागे उभी होती. लेन्स १०० मिलिमीटरची, नात्यातल्या कुणाची तरी जुनी, स्थिरीकरणाची सोय नसलेली. सावलीची जागा आणि उतरता प्रकाश, म्हणून शटर १/८ सेकंद उघडे राहत होते. एवढ्या वेळात हातातला कॅमेरा अंशाच्या एक दशांशाने जरी कलला, तरी पाच मीटरांवरच्या दगडावर त्याची नजर जवळजवळ ९ मिलिमीटर सरकते. कोरलेला अनुस्वार त्याहून लहान असतो. प्रत्येक टिंब स्वतःच्या रुंदीपेक्षा जास्त घासले गेले आणि दगडाच्या करड्या रंगात विरघळले. उभ्या काना-रेषांचे दैव चांगले: कॅमेरा वरखाली कलला तर त्या लांबीच्या दिशेने घासल्या जातात आणि टिकतात. टिंबाला लांबी नसते, म्हणून त्याला वाचण्याची अशी वाट नाही.

हाताचे हे कलणे आळसामुळे होत नाही. निरोगी माणसाचा ताणून धरलेला हात सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा सूक्ष्म थरथरतो. त्यावर श्वासाचे मंद हेलकावे असतात, हृदयाचा ठोका असतो, उभ्या शरीराचे झुलणे असते, आणि सर्वांत वाईट म्हणजे शटरची कळ दाबताना बोटाने दिलेला धक्का असतो. जुन्या छायाचित्रकारांचा एक ठोकताळा होता: लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग किंवा त्याहून कमी वेळ शटर उघडे ठेवावे. १०० मिलिमीटरला १/१०० सेकंद. विद्यार्थिनी या मर्यादेच्या बारापट पलीकडे गेली होती. तिला हा नियम ठाऊक नव्हता असे नाही, पण प्रकाश नव्हता. संवेदनक्षमता वाढवली तर प्रतिमेत दाणे उठतात, आणि दगडाच्या पृष्ठभागावर दाणे उठले की सगळीकडे खोटे अनुस्वार दिसू लागतात. ट्रायपॉड न्यावा तर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूंत त्यासाठी आगाऊ परवानगी लागते.

याच मंदिरात ट्रायपॉडवरचे एक विलक्षण काम पूर्वी होऊन गेले आहे. मद्रास इलाख्याचा सरकारी छायाचित्रकार लिनियस ट्राइप १८५८ साली येथे आला होता. विमानाच्या पायाभोवती कोरलेल्या लेखांची त्याने ओळीने छायाचित्रे घेतली आणि २१ छापे एकमेकांना जोडून सुमारे १९ फूट लांबीची एक सलग पट्टी तयार केली. त्या काळच्या रसायनांना प्रकाश भरपूर वेळ द्यावा लागे, आणि कॅमेरा होता पेटीएवढा. तो हातात धरून काम करण्याचा विचारही शक्य नव्हता. पण ट्राइपला एक सवलत होती, ती आजही बदललेली नाही: दगड हलत नाही. हलतो तो कॅमेरा. म्हणून कॅमेऱ्याला जमिनीला बांधून टाकले की प्रश्न मिटतो.

जमिनीला बांधता येत नसेल तेव्हा काय करायचे, याचे उत्तर १९९०च्या दशकात बाजारात आले. १९९४ साली निकॉनच्या ‘झूम ७०० व्हीआर’ या छोट्या फिल्म कॅमेऱ्यात कंपन भरून काढण्याची योजना होती. पुढच्याच वर्षी कॅननने अदलाबदलीची ७५-३०० मिलिमीटर लेन्स अशा योजनेसह आणली. आज हीच गोष्ट कुणी आयएस म्हणतो, कुणी व्हीआर, कुणी ओएसएस. नावांचा हा गोंधळ विक्रेत्यांनी घातलेला आहे, यंत्रणेत मूलभूत फरक नाही.

या यंत्रणेची कल्पना यावी म्हणून त्या घरातल्याच शोकेसकडे पाहणे सोयीचे. तिथे तंजावरची प्रसिद्ध बाहुली आहे, भौगोलिक मानांकन मिळालेली. बूड गोल आणि जड, वरचा भाग हलका. कितीही कलंडवा, गुरुत्वमध्य खाली असल्याने ती पुन्हा उभी राहते. पण उभी राहण्यापूर्वी ती बराच वेळ डोलते. तिचे स्थैर्य निष्क्रिय आहे: धक्का बसल्यावर, सावकाश, हेलकावे खात ती मूळ जागी येते. छायाचित्राला इतका धीर नसतो. शटर उघडे असलेल्या त्या १/८ सेकंदातच चूक ओळखायची आणि त्याच १/८ सेकंदात ती दुरुस्त करायची असते. बाहुलीचा मार्ग येथे चालत नाही. चूक मोजणारे कुणीतरी लागते.

ते मोजमाप जायरोस्कोप करतो. लेन्समधला जायरोस्कोप म्हणजे फिरणारे चाक नव्हे. सिलिकॉनच्या चकतीवर कोरलेले एक अतिसूक्ष्म वस्तुमान सतत कंप पावत ठेवलेले असते. कॅमेरा वळला की त्या कंप पावणाऱ्या वस्तुमानावर कोरिओलिस बल येते आणि ते आडव्या दिशेने किंचित ढळते. ढळणे जितके जास्त, वळण्याचा वेग तितका जास्त. हे वाचन सेकंदाला हजार किंवा त्याहून अधिक वेळा घेतले जाते. लेन्समधला छोटा संगणक त्या वेगांची बेरीज करून कॅमेरा किती कोनातून वळला ते काढतो आणि भिंगांच्या एका गटाला प्रकाशाच्या अक्षाला काटकोनात सरकवतो. सरकवणारी असते चुंबकाजवळची एक तारेची वेटोळी. भिंग खरोखर कुठे पोहोचले ते दुसरा संवेदक पाहतो आणि उरलेली चूक परत कळवतो. कॅमेरा खाली झुकला तर भिंग अशा बाजूला सरकते की अनुस्वाराची प्रतिमा संवेदकाच्या त्याच बिंदूवर पडत राहते. १०० मिलिमीटरच्या लेन्सला अंशाच्या एक दशांश कलण्यासाठी प्रतिमा भरून आणायची असते ती फक्त ०.१७ मिलिमीटरने. सुमारे ६ मायक्रोमीटरच्या पिक्सेलांत मोजले तर हे अठ्ठावीस-एकोणतीस पिक्सेल होतात.

काही कॅमेऱ्यांत भिंगाऐवजी संवेदकच हलतो. २००३ सालच्या मिनोल्टाच्या ‘डिमाज ए१’मध्ये ती पद्धत प्रथम दिसली. तिचा फायदा असा, की लेन्स कोणतीही लावा, स्थिरीकरण मिळते. आणि कॅमेरा अक्षाभोवती गरगरला तर तेही भरून काढता येते, जे लेन्समधल्या भिंगाला जमत नाही.

उत्पादक सांगतात ते ‘स्टॉप’ म्हणजे दुपटीचे हप्ते. एक स्टॉप म्हणजे दुप्पट वेळ, चार स्टॉप म्हणजे सोळापट. १/१०० सेकंदाची मर्यादा चार स्टॉपनी १/६ सेकंदापर्यंत सैल होते. दगडावरची ९ मिलिमीटरची घसरण सोळाने भागली तर जेमतेम अर्धा मिलिमीटर उरतो, आणि टिंब पुन्हा दिसू लागते. मात्र हे स्टॉप प्रयोगशाळेतल्या थरथरणाऱ्या टेबलावर मोजलेले असतात. दोन जिने चढून आलेल्या माणसाचे हात त्या टेबलासारखे वागतीलच असे नाही. चारातले तीन स्टॉप पदरात पडले तरी समाधान मानावे.

असेच एक यंत्र प्रत्येक वाचकाच्या डोक्यात आधीपासून आहे. हाच मजकूर वाचताना मान भराभर डावी-उजवी हलवून पाहावी. अक्षरे वाचता येतात. आता मान स्थिर ठेवून फोन तितक्याच वेगाने हलवावा. अक्षरे पुसट होतात. दोन्ही वेळा डोळा आणि अक्षर यांच्यातली सापेक्ष हालचाल तीच आहे. फरक इतकाच, की मान हलते तेव्हा कानाच्या आतल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका तिचा वेग मोजतात आणि सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात डोळ्यांचे स्नायू बुबुळे उलट दिशेला वळवतात. फोन हलतो तेव्हा कानाला काही कळत नाही. १९५२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टराने नाव न देता आपलाच अनुभव लिहिला. स्ट्रेप्टोमायसिनच्या उपचाराने त्याच्या कानातली ही यंत्रणा नष्ट झाली होती. पलंगावर बसून वाचताना स्वतःच्या नाडीच्या ठोक्याने अक्षरे हलत, म्हणून पलंगाच्या गजांत डोके टेकवून, ते रोखून धरून तो वाचत असे. त्याला स्वतःच्या डोक्यासाठी ट्रायपॉड लागत होता.

सरफोजी राजांना डोळ्यांच्या विकारांत रस होता. त्यांच्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी, डोळ्यांच्या चित्रांसह, सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. कानाचा आणि नजरेचा हा संबंध त्यांना सांगितला असता तर त्यांनी तोही लिहून काढायला लावला असता, असे त्या ग्रंथालयाकडे पाहून वाटते.

विद्यार्थिनीने पुढच्या आठवड्यात महाविद्यालयातल्या मैत्रिणीकडून स्थिरीकरण असलेली लेन्स मिळवली आणि पुन्हा मंदिर गाठले. या वेळी तिने दोन गोष्टी बदलल्या, आणि खरे पाहता दुसरी अधिक महत्त्वाची ठरली. ती भिंतीच्या जवळ गेली. कोन तोच असेल तर दगडावरची घसरण अंतराच्या प्रमाणात कमी होते. पाच मीटरांऐवजी एक मीटरवरून ती एक पंचमांश. ज्यांना नवी लेन्स परवडत नाही त्यांनी चार पावले पुढे जावे, हा सल्ला कोणत्याही जाहिरातीत सापडणार नाही. जवळ गेल्याची किंमत अशी, की एका चौकटीत भिंत मावत नाही. मग ओळीने, कडा एकमेकींवर थोड्या चढतील अशा बेताने, तुकडे घ्यावे लागतात. ट्राइपने एकवीस घेतले होते. तिचे पहिल्या दिवशी बारा झाले आणि आवार रिकामे करण्याची वेळ झाली.

कोनाखेरीज कॅमेरा जागचाही सरकतो. त्यामुळे दगडावर पडणारी घसरण मात्र अंतरावर अवलंबून नसते. हात दशांश मिलिमीटर सरकला तर दगडावरही तेवढेच. कोरीव अक्षराला दशांश मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. बोरूची बारीक रेघ असलेले हस्तलिखित टिपायचे असेल तर तेवढेही खुपते, आणि कोन मोजणाऱ्या जायरोस्कोपला हे सरकणे दिसतच नाही. त्यासाठी त्वरणमापक लागतो. कॅननने २००९ साली १०० मिलिमीटरच्या मॅक्रो लेन्समध्ये तो जोडला तो याच कारणासाठी.

मंदिराचे विमानही तिला हवे होते. पूर्वेच्या दारातून आत आल्यावर पश्चिमेकडे पाहिले की साठ मीटरांहून उंच असे ते समोर उभे असते, राजराज चोळाने १०१०च्या सुमारास पूर्ण केलेले. संधिप्रकाशात, श्वास रोखून, कोपरे बरगड्यांना टेकवून तिने एक पूर्ण सेकंदाचे एक्स्पोजर हातानेच घेऊन पाहिले. असे करताना माणूस एका नवलाच्या उंबरठ्यावर उभा असतो. जायरोस्कोप वळण मोजतो ते जमिनीच्या संदर्भात नव्हे, ताऱ्यांच्या संदर्भात. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणजे सेकंदाला १५ विकला. जायरोस्कोप पुरेसा संवेदनशील असेल तर तो हेही ‘कॅमेरा हलला’ असे समजतो आणि भरून काढू पाहतो. परिणामी प्रतिमा ताऱ्यांच्या मानाने स्थिर होते आणि हजार वर्षे जागचे न हललेले विमान तिच्यात सरकू लागते. १०० मिलिमीटरच्या लेन्समध्ये सेकंदाला सुमारे ७ मायक्रोमीटर, म्हणजे एका पिक्सेलहून किंचित जास्त. तंजावर विषुववृत्तापासून अकराच अंशांवर असल्याने पृथ्वीचा अक्ष तिथे जवळजवळ आडवा, उत्तर-दक्षिण आहे. म्हणून पश्चिमेकडे पाहताना हे सरकणे जवळजवळ पूर्ण मिळते, तर उत्तरेकडे पाहिले की प्रतिमा सरकण्याऐवजी नगण्य अशी फिरते. २०१६च्या सुमारास ऑलिम्पसच्या एका अभियंत्याने साडेसहा स्टॉपच्या आसपास पृथ्वीचे फिरणेच आड येते असे सांगितले होते. पुढे काही वर्षांतच उत्पादकांनी आठ स्टॉपचे आकडे छापले. तिच्या छायाचित्रात यातले काही दिसले नाही. तिच्या हाताची उरलेली थरथर पृथ्वीच्या त्या एका पिक्सेलपेक्षा बरीच मोठी होती.

त्याच छायाचित्रात आणखी एक गोष्ट होती. विमानाच्या पायाशी दर्शनाला आलेली माणसे धुरासारखी उमटली होती. स्थिरीकरण हात थांबवते, जग थांबवत नाही. नाचणारी मुलगी, पणतीची ज्योत, वाऱ्यावरचे पान यांना लहान एक्स्पोजरच लागते, आणि त्यासाठी प्रकाश किंवा मोठे छिद्र हवे. ‘अंधारातही स्पष्ट’ असे म्हणणाऱ्या जाहिराती हा फरक गाळतात.

त्याहून काळजीचा फरक तिला फोनमुळे कळला. काही तुकडे तिने फोननेही टिपले होते. फोन एका स्पर्शात अनेक चौकटी घेतो, त्या एकमेकींवर बसवतो, आणि वर कडा धारदार करतो. छायाचित्रे सुरेख दिसत होती, कॅमेऱ्याहूनही सुरेख. या लेखाचा पाठ छापील रूपात उपलब्ध आहे, त्याच्याशी तिने दोन्ही ताडून पाहिले. एके ठिकाणी दगडाचा एक साधा टवका फोनने गोल, ठसठशीत टिंब करून दाखवला होता. भिंग सरकवणारी यंत्रणा प्रकाश कुठे पडावा ते बदलते. नसलेला प्रकाश ती आणत नाही. चित्र घेतल्यानंतर चालणारी आज्ञावली मात्र काय असावे याचा अंदाज करते, आणि अंदाज व पुरावा एकाच रंगात छापते. वाढदिवसाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही. शिलालेखात ‘केले’चे ‘केलें’ होते. अशा कामासाठी कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न झालेली फाइल जपून ठेवणे हाच सरळ मार्ग, मग ती दिसायला कितीही निस्तेज असो.

आजीला तिने जोडलेली पट्टी दाखवली ती निस्तेजच. बारा तुकडे, मध्ये दोन ठिकाणी कडा नीट न जुळलेल्या. ती बोटाने ओळ दाखवत वाचत गेली आणि आजी ऐकत गेली. राजांची नावे आली तेव्हा तिने दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावले. सहाव्या तुकड्यात एका अक्षरावर काहीतरी होते. कॅमेऱ्याच्या फाइलमध्येही होते, घासलेले नव्हते, कडा स्वच्छ होत्या. तरी ते छिन्नीचे टिंब की दगडाचा खळगा ते ठरेना. छापील प्रत उघडणार तोच आजीने थांबवले: आधी दगडालाच विचारून ये. संध्याकाळच्या प्रकाशात खळग्याची सावली एका बाजूला पडली होती. छिन्नीच्या टिंबाचा तळ सारखा असतो, टवक्याचा तिरका. प्रकाश दुसऱ्या बाजूने आला की दोहोंच्या सावल्या वेगळ्या पडतात. तेव्हा सकाळी, मंदिर उघडल्याबरोबर जायचे ठरले.